फर्म्याचं यंत्र कुणाला ओळखतं

माझ्या थोरल्या जाऊबाईंना घरात सगळे चौकशी खिडकी म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते कधीचंच कळलंय, आणि कळल्यावर रागवायचं सोडून त्यांनी मलाच विचारलं, "खिडकी का गं? चौकशीला दार चाललं नसतं?" आता अशा बाईपुढे माणसाने काय बोलावं. मी त्यांना वहिनी म्हणते आणि होता होईल तो कमी बोलते, कारण एक वाक्य बोललं की त्याला चार प्रश्न फुटतात.

मी धाकटी. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, ते मला ठाऊक आहे, कुणी सांगायची गरज नाही. आमचं खाली दुकान, वर घर आणि मधे लाकडी जिना. थोरले भावोजी आणि आमचे हे चामडं कापतात, तळ बसवतात. मी मशीनवर वरचा भाग शिवते. आणि वहिनी फर्मे करतात. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. त्याच्यावर चामडं ताणून बूट घडवायचा. बाजारात ढिगाने मिळतात तसे बूट आमच्याकडे होत नाहीत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल आत वळलेलं, कुणाची बोटं अपघातात गेलेली, अशी माणसं आमच्याकडे येतात. त्या प्रत्येक पायाचा फर्मा वेगळा, आणि फर्मा चुकला की पुढचं सगळं मुसळ केरात.

आधी हे काम सासरे हाताने करायचे. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा घरातल्या बायका सासऱ्यांसमोर मान वर करून उभ्याही राहत नसत. वहिनींनी चहा नेऊन दिला आणि तिथेच उभ्या राहून विचारलं, "दादा, तुम्ही नेहमी डावा फर्मा आधी का करता?" सासऱ्यांचा हात थांबला. आयुष्यात हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. संध्याकाळी वर जेवायला आले तेव्हा म्हणाले, "माझा बाप आधी डावा करायचा म्हणून." मग काही दिवस त्यांनी मुद्दाम उजवा आधी करून पाहिला. काहीच फरक पडला नाही. त्यावर ते इतके हसले म्हणे, की सासूबाई घाबरल्या. त्या दिवसापासून वहिनी खाली त्यांच्या शेजारी बसायला लागल्या.

पुढे सासऱ्यांचे डोळे अधू झाले तेव्हा फर्मे कोरायचं यंत्र घेतलं. कपाटाएवढं धूड. शेजारी कॉम्प्युटर, दोघांमधे वायर. कॉम्प्युटरवर पायाचा आकार मांडायचा, यंत्र तो लाकडात कोरणार. बसवायला आलेल्या माणसाचा वहिनींनी असा पिच्छा पुरवला की त्याच्या चहावर साय धरली. हे यंत्र कॉम्प्युटरला ओळखतं कसं, असं त्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सुरू झालं की वायरीवर हाक मारतं, माझा माणूस कुठे आहे म्हणून. कॉम्प्युटर ओ देतो. आणि बाई, ते एकाच कॉम्प्युटरला ओळखतं, त्याच्या नेटवर्क कार्डाच्या, म्हणजे ही वायर जिथे खोचतात त्याच्या, नंबरावरून. दुसरा कुणी ओ देऊन उपयोग नाही." "एकालाच का?" वहिनींनी विचारलं. त्याने वर छताकडे पाहिलं आणि दुसरा चहा मागितला. त्याची कंपनी नंतर बंद पडली. यंत्र मात्र घोड्यासारखं चालत राहिलं.

आता छोटीचं सांगते, कारण हे सगळं तिच्यापायी आहे. छोटी म्हणजे माझी मुलगी. तिचं उजवं पाऊल जन्मापासून आत वळलेलं आणि पाय जरासा आखूड. तिचा पहिला बूट सासऱ्यांनी केला, नंतरचे सगळे वहिनींनी. चालते व्यवस्थित, पण तिचं चालणं ऐकू येतं. एक पाय टक् पडतो, दुसरा सर्र घासत येतो. मी ओट्यापाशी पाठमोरी असले तरी ती जिन्याच्या कुठल्या पायरीवर आहे ते मला कळतं. शाळेतून रडत आली असेल तर तेही पायरीवरच कळायचं.

तिला नर्सिंगला जायचं होतं, परगावी, तिथेच राहून. अर्ज केला, मुलाखत झाली. तिथल्या मुख्य बाईंनी तिचे गुण पाहिले, मान डोलावली, आणि मग तिचे बूट पाहिले. म्हणाल्या, "जागा देते. पण वॉर्डात दिवसभर उभं राहावं लागतं. पहिल्या दिवशी, पुढच्या सोमवारी, तो लांब व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायचा. जमलं तर राहा, नाही जमलं तर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावीन." वाईट बाई नसावी. पण घरी येऊन छोटीने हे सांगितलं तेव्हा मी त्या बाईला मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जुने बूट छोटीला लहान झाले होते. बोटं आखडून चालायची, संध्याकाळपर्यंत अंगठा लाल व्हायचा. म्हणजे नवा फर्मा, नवे बूट, आणि तेही तो सोमवार उजाडायच्या आत. वहिनी म्हणाल्या, "त्यात काय, उद्या करते." आणि नेमकी तिथेच माशी शिंकली. सकाळी खाली कॉम्प्युटर सुरू करायला गेल्या, तर आतून जळका वास आला आणि पडदा काळा तो काळाच.

गल्लीच्या तोंडाशी एक कॉम्प्युटरवाला आहे. शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याने खोका उघडला, आत नाक घातलं आणि म्हणाला, "मुख्य पट्टी जळली. ही आता कुठे मिळत नाही. पण डिस्क जिवंत आहे."

"मग डिस्क नव्या कॉम्प्युटरला लावा," मी म्हणाले.

"नव्यावर तुमचा हा जुना प्रोग्राम चालायचा नाही. त्याला त्याच्याच काळातला कॉम्प्युटर लागतो."

मला वाटलं, संपलं. हाताने फर्मा कोरणारे सासरे गेले. भावोजींना सरळ रेषा येते, वळण येत नाही. दुसऱ्या गावात असं काम करणारा एक आहे, त्याच्याकडे पुढच्या वर्षापर्यंतची रांग. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला, यंत्राचा, कॉम्प्युटरवाल्याचा, अगदी सासऱ्यांचासुद्धा, की गेलेच कशाला.

वहिनी मात्र विचारत होत्या, "त्याच्या काळातला म्हणजे नेमकं काय? तो प्रोग्राम बघतो कशाकडे? त्याला खोटंच दाखवलं तर?"

कॉम्प्युटरवाला हसला. म्हणाला, "ताई, तसं करता येतं."

त्याने एक वापरलेला पण धडधाकट खोका आणून दिला. त्यात लिनक्स होतं, म्हणजे खोका चालवणारा मूळ प्रोग्राम. आणि त्या लिनक्सच्या पोटात त्याने एक आख्खा खोटा कॉम्प्युटर उभा केला. खोटा म्हणजे त्याला ना पेटी ना पट्टी, सगळा नुसता हिशेब, पण आत चालणाऱ्या प्रोग्रामला वाटावं की आपण आपल्याच जुन्या घरात आहोत. जुन्या डिस्कची नक्कल त्यात भरली. प्रोग्राम उघडला आणि आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे पाय एकाखाली एक पडद्यावर आले. छोटीचा पण होता. मला एकदम भरून आलं. खोक्याची वायरीची खाच तेवढी मोडकी निघाली. "उद्या कार्ड आणून बसवतो," असं म्हणून तो गेला, पण दुसऱ्या दिवशी भावोजी म्हणाले, "त्याला कशाला त्रास, मी बसवलंय एक." बसवलं तर बसवलं. पंख्याचं बटण बदलतात तितक्या सहज ते म्हणाले, आणि आमचं कुणाचं लक्ष गेलं नाही.

वायर जोडली, यंत्र सुरू केलं. यंत्रावर एक दिवा आहे. ओळख पटली की हिरवा, नाही तर लाल. तो लाल झाला आणि लालच राहिला.

"का?" वहिनी म्हणाल्या.

हा 'का' ऐकून माझं डोकं सटकलं. इथे पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आणि ही बाई असं विचारतेय जणू कोडं घातलंय कुणी. पण वहिनींच्या 'का'मधे घाई नसते आणि भीतीही नसते. त्या कापायच्या टेबलाशी बसल्या, बुटाच्या नाड्या घेतल्या आणि कॉम्प्युटरवाल्याला फोन लावून, त्याचं ऐकत ऐकत नाड्या मांडायला लागल्या. काळी नाडी म्हणजे यंत्राकडून आलेली वायर, ती खऱ्या कार्डापर्यंत येते. पांढरी नाडी खोट्या कॉम्प्युटरची. त्यालाही एक कार्ड असतं आणि तेही खोटंच. या दोन नाड्या एकमेकींना शिवतच नव्हत्या. खोट्याला बाहेर काही सांगायचं असेल तर लिनक्स मधे उभं राहून स्वतःच्या नावाने ते सांगत होतं. पण बाहेरून कुणी हाक मारली तर ती आत नेऊन देत नव्हतं.

"म्हणजे यंत्र हाका मारतंय," वहिनी म्हणाल्या, "आणि आतल्याला ऐकूच जात नाहीये."

"बरोबर," फोनमधून आवाज आला. "ब्रिज करा. खरं कार्ड आणि खोटं कार्ड एकाच पुलाला जोडा. मग दोघं एकाच वायरीवर असल्यासारखे होतील."

वहिनींनी एक बक्कल घेतलं आणि दोन्ही नाड्या त्यात ओवल्या. बराच वेळ त्या बकलाकडे बघत बसल्या. कॉम्प्युटरवाला त्याला ब्रिज म्हणतो, वहिनी पूल म्हणतात, आणि मी काय म्हणत होते ते जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वर स्वयंपाकघरात जुना लॅपटॉप मांडून बसल्या. तिथून खालच्या खोक्यावर काम करता यायचं, त्याच वायरीचा एक फाटा वर आणलेला होता. मी म्हणाले, "वहिनी, खाली जाऊन समोर बसून करा ना. उंटावरून शेळ्या कशाला हाकायच्या?"

"खाली भुसा उडतो," त्या म्हणाल्या आणि टाइप करायला लागल्या. पूल तयार केला. खोटं कार्ड त्याला जोडलं. खरं कार्ड जोडलं. आणि लॅपटॉप गप्प झाला. एक अक्षर पुढे सरकेना.

"काय केलंत?"

"खरं कार्ड पुलाला जोडलं आणि मी बाहेर पडले." त्यांचे डोळे चमकत होते, तुम्हाला सांगते, चमकत होते. "का पण? वायर तर तीच आहे."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी भांडी आपटायला लागले. त्या जिना उतरून खाली गेल्या, खोक्यासमोर बसल्या, आणि संध्याकाळी मला जबरदस्तीने नाड्यांपुढे बसवून समजावून सांगितलं. मला समजलं ते असं. खऱ्या कार्डाला स्वतःचा एक पत्ता होता, त्याच पत्त्यावर वहिनी वरून बोलत होत्या. पण कार्ड पुलाला जोडलं की ते नुसता उंबरठा होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला वाट देतं, स्वतःसाठी काही घेत नाही. पत्त्याची पाटी आता पुलावर लावायला हवी. वहिनींनी पाटी उंबरठ्यावरच ठेवली आणि ज्या फळीवर उभ्या होत्या तीच स्वतः काढली. मला त्यात एवढं खूश होण्यासारखं काय ते दिसेना, पण त्यांनी पत्ता कार्डावरून काढून पुलाला दिला, मी वर जाऊन लॅपटॉप उघडला, आणि तो बोलायला लागला. खोटं सांगत नाही, मलाही जरा गंमत वाटली. मी ती दाखवली नाही.

यंत्र सुरू केलं. लाल.

आता हाक आत जात होती, वहिनींनी ते पडद्यावर मला दाखवलंसुद्धा. खोटा कॉम्प्युटर ओ पण देत होता. पण यंत्र ऐकून घेईना. तेव्हा त्यांना तो सायवाला चहा आठवला. "एकालाच ओळखतं," त्या म्हणाल्या. "नंबरावरून. आपल्या या खोट्या कार्डाचा नंबर वेगळा आहे." जुन्या प्रोग्रामच्या एका कोपऱ्यात जुन्या कार्डाचा नंबर होता, बारा अक्षरं-आकडे. खोट्या कार्डाला हवा तो नंबर देता येतो. त्यांनी तोच दिला.

यंत्राचा दिवा पिवळा झाला. पिवळा म्हणजे आवाज ओळखीचा वाटतोय, पुढे बोला. मग परत लाल. परत पिवळा. परत लाल.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. सोमवार जवळ येत होता. छोटी पेटी भरत होती आणि मधेच थांबून खाली येऊन दिवा बघून जात होती. टक्, सर्र. टक्, सर्र. मी शिवणाच्या मशीनवर बसून तेच तेच ऐकत होते, आणि शेवटी माझा तोल गेला. वहिनींना म्हणाले, "तुम्हाला यंत्र चालवायचंय की नुसतं समजून घ्यायचंय? माझ्या पोरीची जागा जातेय आणि तुम्ही नाड्या ओवताय."

भावोजींनी चामडं कापायची रापी खाली ठेवली. वहिनींना लागलं असणार, चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी छोटीला हाक मारली, "इकडे ये. तुझा जुना बूट दे." बूट उलटा करून बराच वेळ बघितला. मग विचारलं, "ही टाच बाहेरच्या बाजूनेच का झिजते गं? मी तर आतून उंच दिलीय, आतून झिजायला पाहिजे."

छोटी जरा घुटमळली. म्हणाली, "काकू, आतून उंच आहे ना, ते टोचतं. म्हणून मी बाहेरच्या कडेवर चालते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"आजोबांनी तसं केलं होतं. मला वाटलं, तसंच असतं."

वहिनींनी बूट खाली ठेवला. सासऱ्यांचं माप त्यांनीही दरवर्षी तसंच पुढे चालवलं होतं. त्या म्हणाल्या, "बघ, डाव्या फर्म्यासारखंच झालं हे." मग छोटीला ओल्या मातीवर उभं केलं, चालवलं, थांबवलं, कुठे टोचतं, कुठे नाही, उभी राहिल्यावर आधी काय दुखतं, सगळं विचारलं. पोरगी बोलत होती. माझ्या पोरीने इतकं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी मशीनवर खाली मान घालून शिवत राहिले, पण टाके वाकडे गेले आणि ती शिवण मला नंतर उसवावी लागली.

माप घेऊन झाल्यावर वहिनी परत पडद्याकडे वळल्या. लिनक्स एका बाजूला आपली रोजनिशी लिहीत असतं, कुणी वाचो न वाचो. त्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती. त्यांनी ती फोनवर वाचून दाखवली. कॉम्प्युटरवाल्याने पुन्हा वाचायला लावली.

"ताई, याचा अर्थ असा, की पूल म्हणतोय, माझ्याच नंबरावरून मला निरोप येतोय. एकाच पुलावर एका नंबराचे दोघे आहेत."

"म्हणजे यंत्र उत्तर देतंय, आणि ते उत्तर..."

"पूल स्वतःच ठेवून घेतोय. त्याला वाटतं, हा नंबर माझाच. खोट्याला देतच नाही."

"पण तो नंबर तर जुन्या कार्डाचा. मी खोट्याला दिला. दुसरा आला कुठून?"

तेवढ्यात भावोजी, जे इतका वेळ एका वापरलेल्या खिळ्याला हातोडीने सरळ करत होते, सहज म्हणाले, "मी खोक्यात बसवलं ते कार्ड जळक्या कॉम्प्युटरमधलंच आहे. स्पिरिटने पुसलं, चांगलं होतं. टाकून कशाला द्यायचं?"

आमच्या घरात काही टाकत नाहीत. बूट फाटला तर बक्कल काढून घ्यायचं, टाच काढायची, खिळा सरळ करायचा. सासऱ्यांची शिस्त. डबेच्या डबे भरलेत तसल्या मालाने. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्याचा नंबर आम्ही खोट्याला देत होतो, ते खरं कार्डच त्याच पुलावर, त्याच नंबराने बसलं होतं. मी भावोजींकडे असं बघितलं की त्यांनी खिळा खिशात घातला. वहिनी मात्र हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि फोनमधे तो शांत माणूसही हसत होता.

"आता?" मी म्हणाले. "नवं कार्ड आणायचं?"

"कशाला? खऱ्याला सांगायचं, तू दुसरा नंबर घे."

"खऱ्याने नाव सोडायचं आणि खोट्याने लावायचं?"

"यंत्र नावाला ओळखतं ना, मग ज्याला बोलायचंय त्याच्याकडे नाव पाहिजे. उंबरठ्याला काय करायचंय नाव?" त्या टाइप करत होत्या. एवढंसं काम. यंत्र बंद करून सुरू केलं.

लाल. पिवळा. आणि मग हिरवा. आत मोटर घुमली, लाकडाच्या ठोकळ्याला पातं लागलं, आणि भुशाचा तो वास दुकानभर सुटला. छोटीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. भावोजींनी खिशातून खिळा काढून परत ठोकायला घेतला. मी वहिनींपाशी गेले. त्यांच्या केसांतला भुसा झटकला. त्या म्हणाल्या, "अगं, मलाही यंत्र चालवायचंच होतं." मी म्हणाले, "माहीत आहे."

बूट झाले. रात्रंदिवस वगैरे काही नाही, नेहमीसारखे झाले, फक्त आम्ही चौघांनी दुसरं काही हातात घेतलं नाही.

सोमवारचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. छोटीचा दुपारी फोन आला. मी विचारलं, "चालायला लावलं का त्या बाईने?" म्हणाली, "लावलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाल्या, ठीक आहे, खोली दाखवा हिला, आणि पुढची कोण?" बस, एवढंच. ज्याच्यासाठी आम्ही जिवाचं रान केलं, ते तिकडे एवढ्यात उरकलं.

पण मला सांगायचंय ते आदल्या सकाळचं. मी वर ओट्यापाशी होते. तिच्याबरोबर द्यायचे डबे भरत होते, आणि खरं सांगायचं तर रडत होते, कारण इतके दिवस ते यंत्र चालावं म्हणून जीव काढला, आणि चाललं म्हणजे पोर जाणार, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मागे जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली. टक्, टक्. टक्, टक्. सारखी, सावकाश. गिऱ्हाईक चुकून वर आलं असेल असं वाटलं. मी डोळे पुसले आणि मागे न बघता जरा तोडूनच विचारलं, "कोण आहे?"

पावलं दारापर्यंत आली आणि थांबली.

"आई, मी आहे."

मी वळले. छोटी दारात उभी होती, नव्या बुटांत, आणि तिला हसू की रडू काय येत होतं ते तिलाही कळत नव्हतं. मला तर काहीच कळेना. ज्या पावलांवरून मी तिला इतकी वर्षं ओळखत आले, ती पावलं गेली होती, आणि मी माझ्याच पोरीला कोण म्हणून विचारलं होतं. मी तिला घट्ट धरलं. बराच वेळ सोडलं नाही.

खालून, जिन्याच्या तळाशी उभं राहून, वहिनींनी हाक मारली. त्यांनीच तिला न बोलता वर पाठवलं होतं. "काय गं, आई काय म्हणाली?"

छोटी माझ्या खांद्यावरूनच ओरडली, "कोण आहे म्हणाली."

"मग बरोबर झालेत बूट," वहिनी म्हणाल्या, आणि आत कामाला गेल्या.